समोरचा पैलवान आहे का, आणि असला नसला तरी भांडणातून सुटायचं कसं

गेल्या पावसाळ्यात कात्रजच्या अलीकडं डोळ्यासमोर घडलेलं सांगतो. बाविशीतला एक पोरगा, नवी कोरी बाईक, एका छोट्या टेम्पोला मागनं घासला आणि उतरून उलट टेम्पोवाल्यावरच चढला. टेम्पोवाले काका पन्नाशीचे, बुटके, डोक्यावर पांढरी टोपी, पायात स्लीपर. पोरानं दारावर लाथ मारली, काका उतरले तशी त्यांची कॉलर धरली. काका एवढंच म्हणाले, "हात काढ बाळा." पोरानं नाही काढला. मग काकांनी काय केलं ते नीट दिसलं पण नाही, कॉलरवरचा हात मनगटाला धरला, खांदा जरासा खाली घेतला आणि पोरगा रस्त्यावर गुडघ्यावर आलेला, तोंडातनं आवाज नाही. काकांनी लगेच सोडलं, त्याची बाईक उचलून स्टँडला लावली, आणि गाडी काढून गेले. टोपी सरकली होती तेव्हा मला कान दिसले, दोन्ही कान मुडपून घट्ट झालेले. त्या पोराला ते कान आधी दिसले असते, आणि त्याचा अर्थ कळला असता, तर तो गाडीवरनं उतरलाच नसता.

म्हणून हे लिहितोय, गावाकडनं पुण्या-मुंबईला, कोल्हापूरला शिकायला नाहीतर नोकरीला नव्यानं आलेल्या पोरांसाठी. मी कोल्हापुरात साडेतीन वर्षं तालमीत राहिलोय, लाल माती अंगाला लावलीय, नंतर पुण्यात दोन वर्षं बॉक्सिंग केलं. त्यातनं जे कळलं ते सांगतो.

आधी हे डोक्यात बसवा

महाराष्ट्रात लढायला शिकलेली माणसं तुम्हाला वाटतात त्यापेक्षा खूप जास्त आहेत आणि ती कुठंही भेटतात. कोल्हापुरात शाहू महाराजांनी कुस्तीला राजाश्रय दिला, पेठेपेठेत तालमी उभ्या राहिल्या, १९१२ ला खासबाग मैदान सुरू झालं, आणि तेव्हापासून घराघरात कुणीतरी एक माती खाल्लेला असतोच. सांगली, सातारा, सोलापूर, नगर, तीच गत. १९६१ पासून महाराष्ट्र केसरी होतंय, गदा मोजक्यांनाच मिळते, पण त्या गदेसाठी वर्षानुवर्षं जोर-बैठका मारलेली बाकीची पोरं कुठं जातात? ती टेम्पो चालवतात, दुधाची डेअरी टाकतात, पोलिसात जातात, हॉटेलात काउंटरवर बसतात, सोसायटीच्या गेटवर सिक्युरिटीला असतात. त्यात परत गावोगावचे कबड्डीवाले, शाळेपासून कराटे-ज्युडो केलेले, पुण्यात तर मिल्ट्रीतले बॉक्सर, आणि आता गल्लीगल्लीत निघालेले एमएमएचे (बुक्क्या, लाथा, कुस्ती सगळं एकत्र) क्लास. पोरीपण आहेत बरं का, कुस्ती आणि ज्युडोत आता भरपूर पोरी आहेत, त्यामुळं मुलगी आहे काय करणार असं धरून चालू नका.

दुसरं म्हणजे साईझवर जाऊ नका. खाशाबा जाधवांनी १९५२ ला हेलसिंकीत ब्राँझ आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक, ते ५७ किलोच्या गटात. आपल्या पाटोद्याच्या राहुल आवारेनं २०१८ च्या राष्ट्रकुलात गोल्ड मारलं तेपण ५७ किलोतच. म्हणजे शर्ट घालून बसस्टॉपवर उभा राहिला तर तुमच्या कॉलेजातल्या कुठल्यापण बारीक पोरासारखा दिसेल असं वजन. ८५ किलोचा जिमवाला त्याच्यापुढं किती वेळ टिकेल ते तुम्हीच ठरवा.

कान, मान, बोटं

सगळ्यात सोपी खूण कान. कुस्तीत डोक्याला डोकं लावून खेळताना, पकडीतनं मान सोडवताना कान रगडला जातो, कानाच्या कूर्चेवरचं आवरण सुटतं, मधे रक्त साचतं. ते वेळेत काढलं नाही तर आतल्या आत घट्ट होतं आणि कानाच्या वळ्या भरून जातात, मळलेल्या कणकेच्या गोळ्यासारखा कान होतो. माझा डावा कान पहिल्यांदा भरला तेव्हा टमटमीत, गरम, उशीवर टेकवता येत नव्हता, डॉक्टरनी सुईनं काढलं आणि आठवडाभर मातीत उतरू नको म्हणाले. मी तिसऱ्या दिवशी उतरलो आणि कान परत भरला. तालमीत पोरं असा कान मिरवतात, बाहेरच्याला तो आजार वाटतो. असा कान दिसला की समजायचं या माणसानं निदान काही वर्षं रोज पहाटे उठून दुसऱ्याला खाली पाडायची प्रॅक्टिस केलीय. ज्युडो आणि जिऊजित्सूवाल्यांचेपण असे कान होतात. पण उलटं समजू नका, कान चांगले असलेले जबरदस्त पैलवान मी कितीतरी बघितलेत, आणि बॉक्सरचे कान तर बहुतेक वेळा धडधाकटच असतात.

मग मान. जिममधलं शरीर आणि लढणाऱ्याचं शरीर यात फरक मानेत दिसतो. जिमवाल्याची छाती आणि दंड आधी दिसतात, पैलवानाची मान डोक्याएवढी रुंद असते, पाठ जाड, मांड्या आणि बूड भरलेलं, मनगट जाड. पोट सुटलेला जुना पैलवानसुद्धा मानेवरनं आणि मनगटावरनं ओळखता येतो, आणि पोट सुटलं म्हणून पकड गेलेली नसते हे लक्षात ठेवा.

बोटं बघायची सवय लावा. ज्युडोवाल्यांची बोटं कापड धरून धरून सांध्यात जाड आणि वाकडी होतात, कराटेवाल्याच्या मुठीवर पहिल्या दोन गाठींना घट्टे असतात. बॉक्सरचं नाक थोडं बसलेलं, भुवईत जुन्या टाक्याची रेघ. कबड्डीवाल्यांचे गुडघे आणि कोपरं खरचटून खरचटून काळी पडलेली. एकेक खूण सुटी धरू नका, भुवईत टाके तर लहानपणी पायरीवरनं पडलेल्यालापण असतात. दोन-तीन खुणा एकत्र दिसल्या तर काय ते समजा.

उभा कसा राहतो ते बघा

कान-मान अंधारात दिसत नाही, हेल्मेटमधे तर नाहीच नाही, पण उभं राहणं दिसतं, आणि माझ्या मते हीच सगळ्यात भरवशाची खूण आहे.

ज्याला काही येत नाही तो भांडताना छाती पुढं काढतो, हनुवटी वर, मुठी घट्ट आवळलेल्या, दोन्ही पाय एका रेषेत, आवाज चढलेला, आणि अंगावर येत राहतो. ज्याला येतं तो बरोबर उलटा वागतो. तो अर्धं पाऊल मागं सरकतो. एक पाय पुढं एक मागं, गुडघे जरासे ढिले, हनुवटी खाली, खांदे सैल, हात उघडे आणि कमरेच्या वर. तुमच्या डोळ्यात खुन्नस देत बसत नाही, त्याची नजर तुमच्या छातीवर नाहीतर खांद्यावर असते कारण हात निघायच्या आधी खांदा हलतो. श्वास नॉर्मल. तुम्ही बाजूनं फिरायला लागलात तर तोपण थोडा थोडा फिरतो, पाठ कधीच देत नाही. आणि तुम्ही त्याला ढकललंत तर तो मागं तोल जात नाही, जरासा खाली बसतो आणि परत जागेवर. हे एकदा जाणवलं ना, की ढकललं आणि समोरचा हललाच नाही, तिथंच हात जोडायचे, पुढचं काही बघायचं नाही.

कुस्तीत सुरुवातीला खडाखडी असते माहितीय ना, दोघं एकमेकाचे हात झटकतात, मानेवर हात टाकतात, जोर अजमावतात. रस्त्यावर एकमेकाच्या छातीवर हात मारणारी पोरं नकळत तेच करत असतात. फक्त त्यांना हे कळत नाही की समोरच्यानं अशी खडाखडी हजारो वेळा केलीय आणि तुमचा जोर किती, तोल कुठं, उजवे की डावरे, हे सगळं त्याला त्या एका धक्क्यात कळून गेलेलं असतं.

काही गोष्टी मात्र कुणाच्याही बाबतीत धोक्याच्या, पैलवान असो नसो. आरडाओरडा करणारा एकदम गप्प झाला. चप्पल काढली. घड्याळ, कडं, चष्मा काढून मित्राकडं दिला. आजूबाजूला पटकन एक नजर फिरवली, कॅमेरा आहे का पोलीस आहे का बघायला. बाह्या सरसावणं हा बरेचदा देखावा असतो, चप्पल काढणं देखावा नसतो. आणि हात कमरेच्या मागं, खिशात, गाडीच्या डिकीकडं गेला तर एक सेकंद थांबायचं नाही, पळायचं. पुण्यात कोयत्याच्या बातम्या रोज वाचतोच आपण, तिथं कुस्ती बॉक्सिंग काही कामाचं नाही, माझे वस्ताद पण हेच सांगायचे, की हत्यार दिसलं की पैलवानानं पण पळायचं, त्यात लाज नाही.

आता मिटवायचं कसं

पहिलं, गाडीवरनं उतरू नका. निम्मी भांडणं इथंच संपतात. हेल्मेट काढू नका, कारमधे असाल तर काच दोन बोटं खाली घ्या, जास्त नाही. उतरायचंच झालं, कुणाला लागलंय म्हणून, तर गाडी बाजूला घेऊन उतरा.

तोंडातनं निघणारं पहिलं वाक्य फार महत्त्वाचं. "दिसत नाही का?" हे वाक्य निघालं की संपलं. "सॉरी दादा, लागलं का कुठं?" एवढंच म्हणा, चूक कुणाची का असेना. तू वरनं तुम्ही वर या. वयानं मोठा असेल तर काका, मामा, बरोबरीचा असेल तर दादा, भाऊ. कोल्हापूर-सांगलीकडं आणि कान दिसले असतील तर सरळ "पैलवान, चुकलं, जाऊ द्या" म्हणा, हा शब्द त्या माणसाला फार जवळचा असतो, मी डोळ्यानं बघितलंय रागानं लाल झालेला माणूस एका "पैलवान" वर निवळलेला. त्याला कळतं की हा आपल्याला ओळखतो, मान देतोय, मग त्याला काही सिद्ध करायचं उरत नाही. आईबहिणीवरनं शिवी आली तर ती कानाआड करा, परत देऊ नका. "तू मला ओळखत नाहीस", "थांब पोरं बोलावतो" ही दोन वाक्यं आयुष्यात कधी बोलू नका, पोरं त्याच्याकडंपण असतात.

हात. बोट दाखवायचं नाही, अंगाला हात लावायचा नाही, शांत करायला खांद्यावर पण नाही. हात खिशात पण नको. छातीसमोर नमस्कार करा. हे मी नुसतं नम्रपणा म्हणून सांगत नाहीय, नमस्काराचे हात छाती आणि हनुवटीसमोर असतात, कानफटात आली तर तिथनं हात वर न्यायला वेळ लागत नाही, आणि बघणाऱ्या दहा लोकांना, कॅमेऱ्यालापण हेच दिसतं की हा माणूस हात जोडत होता. यापेक्षा चांगली पोझिशन मला कुठल्या क्लासमधे कुणी शिकवली नाही.

अंतर. दीड हात ठेवा, तो पुढं आला तर तुम्ही तिरकं मागं जा, सरळ मागं गेलात तर फूटपाथला, गटाराला पाय अडकून पडाल. मागं भिंत नको, आणि त्याच्या मित्रांमधे गोल करून उभं राहायचं नाही, एक जरी तुमच्या पाठीमागं सरकला तरी निघायची वेळ झाली.

निघताना त्याला जिंकू द्या. "बरं दादा, माझंच चुकलं" म्हणून निघा. गाडीचं नुकसान असेल तर नंबर प्लेटचा फोटो लांबनं काढा, त्याच्या तोंडासमोर मोबाईल धरून व्हिडिओ काढू नका, त्यानं माणूस हमखास पेटतो. इन्शुरन्सचं नंतर बघता येतं. मागं लागला तर घरी किंवा होस्टेलला जायचं नाही, घर दाखवायचं नाही, पोलीस चौकी नाहीतर गर्दीचा पेट्रोल पंप गाठा आणि ११२ ला फोन करा.

मित्राला आवरताना

हे जरा सविस्तर सांगतो कारण यात माझ्या हातनं चूक झालीय आणि ती अजून मनातनं जात नाही. गणपतीच्या मिरवणुकीत माझ्या रूममेटची एका पोराशी पायावर पाय पडण्यावरनं बाचाबाची झाली. मी भांडण सोडवायला म्हणून गेलो आणि आपण सगळे करतो तेच केलं, रूममेटला मागनं दोन्ही हातांनी गच्च मिठी मारली, त्याचे हात त्याच्या अंगाशी बांधले गेले. समोरच्या पोराची एक बुक्की आली. त्याला हात वर करताच आला नाही. ढोलाच्या आवाजात मला फक्त त्याच्या अंगाला बसलेला झटका जाणवला, मग माझ्या मनगटावर गरम रक्त. पुढचे दोन दात गेले. मी धरलं नसतं तर निदान त्यानं चेहरा झाकला असता.

तर भांडणातल्या आपल्या माणसाचे हात कधीच बांधू नका. त्याच्या कमरेला, नाहीतर शर्टाला पाठीमागनं धरून मागं ओढा, हात मोकळे राहू द्या. दोन-तीन जण असाल तर एकानं मधे घुसून समोरच्याला हात जोडायचे आणि बाकीच्यांनी आपल्या माणसाला बाजूला न्यायचं. आपल्या मित्राला ओरडा, समोरच्याला नाही. आणि प्यायलेल्या मित्राला तर वाद सुरू व्हायच्या आधीच रिक्षात घाला.

हात पडलाच तर

दोन मिनिटांत शिकता येईल असा डाव नाही, कुणी तसं सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. हनुवटी छातीला लावा, दोन्ही हातांनी डोकं आणि कान झाका, आणि पायावर राहायचा प्रयत्न करा, कारण रस्त्यावर खरा धोका बुक्कीत नसतो, मागं पडून डोकं डांबरावर आपटण्यात असतो. पडलातच तर आधी मान पुढं घ्या. पैलवानाला मिठी मारू नका, तुम्हाला वाटतं अडकवला, पण त्याला तेच पाहिजे असतं. वाट मिळाली की पळा, उजेडाकडं, लोकांकडं.

कायदा थोडक्यात

१ जुलै २०२४ पासून आयपीसी जाऊन भारतीय न्याय संहिता आलीय. साधी मारहाण कलम ११५(२), एक वर्षापर्यंत कैद किंवा दहा हजारापर्यंत दंड किंवा दोन्ही. पण हाड मोडलं, निखळलं किंवा दात पडला की ती गंभीर दुखापत, कलम ११७(२), सात वर्षांपर्यंत. दात, लक्षात घ्या. माझ्या रूममेटला बुक्की मारणारा पोरगा २१ वर्षांचा, पोलीस भरतीची तयारी करत होता, रोज पहाटे ग्राउंडला पळायचा. त्याची आई दोनदा आमच्या रूमवर आली, बसली, काही बोलली नाही, नुसती दातांकडं बघत राहिली. एक बुक्की, दोन्ही घरांची वाट लागली.

स्वतःला वाचवायचा हक्क कायद्यात आहे, कलम ३४ ते ४४, पण गरजेपुरताच. समोरचा खाली पडला किंवा पळायला लागला आणि तरी तुम्ही मारत राहिलात तर तो बचाव राहत नाही. आणि सार्वजनिक ठिकाणी दोघं मारामारी करत असाल तर १९४ खाली दोघांवर होतं, सुरुवात कुणी केली हे नंतरचं.

मार लागला असेल तर आधी सरकारी दवाखान्यात जाऊन मारहाणीत लागलंय असं स्पष्ट सांगा म्हणजे एमएलसी (मारहाणीच्या जखमांची दवाखान्यातली कायदेशीर नोंद) होते, जखमांचे फोटो काढा, मग पोलीस स्टेशनला. साध्या मारहाणीत एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) घेतात, त्याची कॉपी मागून घ्या. दुकानाचा सीसीटीव्ही असेल तर त्याच दिवशी सांगून ठेवा, बरेच ठिकाणी थोड्या दिवसात रेकॉर्डिंग पुसलं जातं.

डोक्याला लागलं असेल तर

हे पोरं सगळ्यात हलक्यात घेतात. आपटल्यावर उठून बसला, चहा प्यायला, हसला, म्हणजे बरा आहे असं नसतं, कवटीच्या आत हळूहळू रक्तस्राव होत असेल तर माणूस काही तास अगदी चांगला बोलतो चालतो आणि मग ढासळतो. निदान एक दिवस त्याला एकटं सोडू नका, रूमवर एकजण थांबा. दारू द्यायची नाही, गाडी चालवू द्यायची नाही, मेडिकलमधनं मनानं पेनकिलर आणून द्यायची नाही. उलट्या व्हायला लागल्या, डोकं वाढतं दुखायला लागलं, बोलताना अडखळतोय, एकच गोष्ट परत परत विचारतोय, नेहमीपेक्षा जास्त झोपेत आहे आणि उठवायला त्रास होतोय, एका डोळ्याची बाहुली मोठी दिसतेय, नाकातनं कानातनं पाणी किंवा रक्त येतंय, यातलं एक जरी दिसलं तरी सकाळची वाट बघू नका, १०८ ला फोन करा नाहीतर रिक्षा करा आणि ज्या हॉस्पिटलात सीटी स्कॅन आहे तिथल्या कॅज्युअल्टीत रातोरात न्या, आणि डॉक्टरला किती वाजता आणि कशावर आपटलं ते सांगा.